गोदी चालू होती, माणसं मरत होती : १९१८ चा ताप आणि मुंबईचं बंदर

साथीला जात नसते, असं आपल्याला पुन्हा पुन्हा ऐकवलं जातं. कोरोनाच्या काळातही ऐकवलं. विषाणू गरीब-श्रीमंत पाहत नाही, ब्राह्मण-महार पाहत नाही, सगळे एकाच बोटीत आहेत, वगैरे. बोटीचाच विषय निघाला आहे तर बंदराकडे जाऊ. मुंबई बंदरात १९१८ साली काय घडलं, हे आपल्या तरुणांनी नीट वाचलं पाहिजे, कारण शाळेच्या पुस्तकात ते सापडणार नाही.

पहिलं महायुद्ध चालू होतं. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या आघाडीला लागणारं सामान आणि माणसं मोठ्या प्रमाणावर मुंबईतून बसऱ्याकडे जात. सैनिक, खेचरं, चारा, धान्य, रेल्वेचे रूळ. त्यासाठी बंदर सज्जही होतं. अलेक्झांड्रा डॉक (आजची इंदिरा गोदी) १९१४ मध्ये उघडली होती आणि पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे १९१५ मध्ये सुरू झाली होती. बोट लागली की माल उतरायचा, डब्यात चढायचा आणि देशभर जायचा. परतणारे सैनिकही त्याच वाटेने जायचे.

मे १९१८ च्या अखेरीस सैनिकांची ने-आण करणारी एक बोट बंदराला लागली. १० जूनला सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. त्यातल्या एकाची नेमणूक गोदीवर होती. पाठोपाठ जहाज कंपनीचे नोकर, डॉकयार्डातले कामगार, पोर्ट ट्रस्टचे लोक पडू लागले. ३ जुलैला एका दिवसात शहरात २३० माणसं मेली. मग ताप ओसरल्यासारखा वाटला आणि सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली. ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ मृत्यू झाले.

शहराचे आरोग्य अधिकारी टर्नर यांचं म्हणणं होतं की रोग बोटीवरच्या खलाशांनी आणला. सरकार म्हणालं, उलट आहे, खलाशांनाच तो मुंबईत लागला. हा वाद वैद्यकशास्त्राचा वाटतो, पण तो जबाबदारीचा होता. रोग बोटीने आणला म्हटलं की युद्धाच्या वाहतुकीवर बोट येतं. रोग शहरातला म्हटलं की दोष चाळीतल्या घाणीवर, म्हणजे चाळीत राहणाऱ्यांवर ढकलता येतो.

इथे बावीस वर्षं मागे जावं लागेल. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उघडकीला आला तोही बंदराला चिकटलेल्या मांडवीत, धान्याच्या वखारींच्या वस्तीत. तेव्हा सरकार किती चपळ झालं पाहा. युरोपातल्या बंदरांनी मुंबईच्या जहाजांवर आणि मालावर निर्बंध घालायला सुरुवात केली होती. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. त्याच फेब्रुवारीत व्हेनिसमध्ये आंतरराष्ट्रीय परिषद बसली. मार्चमध्ये गॅटेकरच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी आली आणि घरात घुसून झडत्या, सक्तीने छावणीत नेणं सुरू झालं. याच प्लेगने पुण्यात १० मार्च १८९७ ला सावित्रीमाईंना आपल्यातून नेलं. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर त्या पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या होत्या. गॅटेकरच्या सोजिरांना माणसाशी घेणंदेणं नव्हतं, माईंना होतं.

प्लेगच्या वेळची जबरदस्ती पुन्हा हवी होती, असं मी म्हणत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. त्याच सरकारने, तोच कायदा हाताशी असताना, १९१८ मध्ये हात का हलवला नाही? माझं उत्तर असं की या वेळी व्यापारावर गदा येत नव्हती. इन्फ्लुएन्झा जगभर होता, त्यामुळे मुंबईचा माल नाकारायला कुठलं बंदर स्वतः निरोगी नव्हतं. युद्धाला माल हवाच होता. प्लेगमध्ये माल अडला म्हणून सरकार धावलं. इन्फ्लुएन्झात माल अडत नव्हता, मग सरकारने धावायचं कुणासाठी?

कुणी म्हणेल, औषधच नव्हतं तर सरकार काय करणार? खरं आहे, औषध नव्हतं. पण या तापात माणूस जगायचा तो पाण्याने, पेजेने, दुधाने आणि कुणीतरी उशाशी बसल्याने. १९१८ चा पावसाळा कोरडा गेला, धान्य महागलं आणि बोटी तर युद्धाच्या कामाला जुंपलेल्या. रोजंदारीवर गोण्या उचलणारा एक दिवस पडून राहिला की त्या दिवशी चूल नाही. सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी धावपळ केली, ती नाकारायचं कारण नाही. सरकारी यंत्रणा मात्र दिसत नव्हती.

आता आकडे. इतिहासकार आय. डी. मिल्स यांनी १९८६ च्या आपल्या अभ्यासात मुंबईतले या साथीचे दरहजारी मृत्यू समाजवार दिले आहेत. युरोपियन ८.३. पारशी ९. सवर्ण हिंदू १८.९. मुसलमान १९.२. आणि ज्यांना त्या वेळचे सरकारी कागद 'हलक्या जातीचे हिंदू' म्हणत, ते ६१.६. हे वाक्य पुन्हा वाचा. युरोपियनांच्या सातपटीहून जास्त आणि सवर्णांच्या तिपटीहून जास्त.

लगेच कुणी पुरोगामी मित्र म्हणेल, हा जातीचा नव्हे, गरिबीचा प्रश्न आहे. गरिबी होतीच. पण मुंबईचा मुसलमान काय सगळा श्रीमंत होता? मदनपुऱ्यातले विणकर, बोटींवरचे खलाशी, गोदीतले हमाल यांच्यात मुसलमान कितीतरी होते. तरी त्यांचा आकडा सवर्ण हिंदूंच्या जवळपास आहे आणि आपला आकडा तिथून एकदम उडी मारतो. ही उडी गरिबीने पूर्ण समजत नाही. नळावर कोण हात लावू शकतो, दवाखान्याच्या पायरीवर कोण चढू शकतो, आजाऱ्याला कोण शिवतं, हे प्रश्न त्यात आहेत.

पुरावा हवा असेल तर ४ ऑगस्ट १९२३ चा मुंबई कायदे मंडळातला सी. के. बोले यांचा ठराव काढा. आपण तो महाडच्या संदर्भात, पाणवठ्यांसाठी आठवतो. पण त्यात सार्वजनिक शाळा, कोर्ट, कचेऱ्या यांच्याबरोबर दवाखानेही आहेत. जे आधीच खुलं आहे, ते खुलं करायचा ठराव कुणी मांडत नाही. साथीनंतर पाच वर्षांनी ही स्थिती, तर साथीत काय असेल?

बाबासाहेब त्या वेळी मुंबईतच होते, परळच्या बी.आय.टी. चाळीत. ती चाळ बांधणारा इम्प्रूव्हमेंट ट्रस्टही प्लेगमधूनच जन्मलेला. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि तिथे पाण्याच्या माठावरून सहकाऱ्यांनीच कुरबूर केली. २७ जानेवारी १९१९ ला त्यांनी साउथबरो कमिटीसमोर साक्ष देऊन अस्पृश्यांसाठी स्वतंत्र प्रतिनिधित्व मागितलं. तेव्हा गिरणी कामगारांचा मोठा संप नुकताच होऊन गेला होता. सत्तेत वाटा का मागावा लागतो, हे त्या वर्षाच्या मुंबईत डोळ्यांसमोर होतं.

इंग्रज राजवटीचं कौतुक करायचं काम नाही, पण जातवार मेलेल्यांची नोंद तिने ठेवली, म्हणून आज आपण ६१.६ म्हणू शकतो. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात १८९७ चाच कायदा पुन्हा लागू झाला. टाळेबंदीतून बंदरांना सूट होती आणि न्हावा-शेवा चालू राहिलं. २०२०-२१ या वर्षात तिथून वीस फुटी मापाने सुमारे ४६.८ लाख कंटेनर गेले-आले, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या वर्षात किती बौद्ध, किती मातंग, किती वाल्मिकी सफाई कामगार गेले, याचा जातवार आकडा सरकारने प्रसिद्ध केलेला नाही.