पान्हा आणि भोंगा

आमच्या घरात तीन पिढ्यांच्या बायका बाळंतपणानंतर कामावर परतल्या. आजी मुंबईच्या गिरणीत, मी दापोली तालुक्यातल्या एका शाळेत आणि माझी लेक पुण्याच्या कचेरीत. तिघींना किती दिवसांची रजा मिळाली ते मला सांगता येते. रजा संपल्यावर अंगावरच्या दुधाचे काय झाले, ते मात्र कोणत्याही कागदावर नाही. आपण सभांचा, ठरावांचा, मोर्च्यांचा इतिहास लिहिला. पान्ह्याचा लिहिला नाही.

दाभोळ हे जुने बंदर. इतिहासाच्या पुस्तकांत ते जहाजांसाठी आणि व्यापारासाठी येते. तिथे ओझी कोणी वाहिली हे आपल्याला कळते ते रमाईंच्या चरित्रातून. वणंदचे भिकू धुत्रे, रमाईंचे वडील, दाभोळच्या धक्क्यावरून मासळीच्या टोपल्या बाजारात पोचवीत. माझी आजीही लग्न होऊन आली ती त्याच ओझ्याखाली. पहिले लेकरू थोरल्या नणंदेच्या कडेवर देऊन ती टोपली उचलायची. वाटेत पान्हा फुटला की मासळीचे पाणी आणि दूध एकाच चोळीत मुरायचे, असे ती सांगे.

पुढे पोटासाठी दोघे बोटीने मुंबईला गेली. विणाईचे खाते आपल्या माणसांना बंद होते. तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि तिथे आपला विटाळ आडवा येई. आजीला रिळाच्या खात्यात काम लागले. दुसरे मूल झाले तेव्हा रजा अशी काही नव्हतीच. घरी राहिले की मजुरी बुडाली. महिना भरायच्या आत ती भोंग्याला धावली.

अंगावरच्या दुधाचा नियम साधा आहे. मूल जितके ओढते तितके ते तयार होते. दहा दहा तास ओढणारे कोणी नसले, की आधी छाती दगडासारखी होते, ताप भरतो आणि हळूहळू पान्हा आटतो. चाळीत मागे राहिलेल्या भुकेल्या मुलाला गप्प ठेवायला बाळगोळी होती. बाळगोळी म्हणजे अफू. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी मुंबईच्या कामकरी बायकांची पाहणी केली. ती 1922 साली प्रसिद्ध झाली. या बायकांच्या शंभरातल्या 98 तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी लिहिले. आजीचा तो मुलगा एका संध्याकाळी उठलाच नाही. ‘मीच दिली गोळी,’ एवढेच ती म्हणे. गिरणीचे नाव तिने त्या मरणाशी कधी जोडले नाही. ते जोडण्याचे काम आपले आहे.

वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने 1919 मध्येच ठरवले होते, की बाळंतिणीला सहा आठवडे विश्रांती द्यावी आणि कामावर आल्यावर पाजण्यासाठी दिवसातून दोनदा अर्धा तास सोडावे. ना. म. जोशी यांनी 1924 साली केंद्रीय विधिमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आणले, ते फेटाळले गेले. मग मुंबई कायदे कौन्सिलात तसे विधेयक आले आणि 28 जुलै 1928 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि बायकांच्या श्रमावर जो मालक जास्त नफा कमावतो त्याने त्याचा भार सोसला पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता. दोनच वर्षांपूर्वी, जुलै 1926 मध्ये, त्यांचा राजरत्न गेला होता. त्याच्याआधी गंगाधर, रमेश आणि इंदू. चार लेकरे मातीआड केलेला बाप त्या सभागृहात बोलत होता.

1929 चा कायदा झाला. दिवसाला आठ आणे, बाळंतपणाआधी तीन आठवडे आणि नंतर चार. हा मोठा विजय होता. पण एकोणतिसाव्या दिवशी पुन्हा भोंगा वाजत होता आणि पाजण्याच्या अर्ध्या तासाचा पत्ता नव्हता. पुढे बाबासाहेब मजूरमंत्री असताना खाणीतल्या बायकांसाठी पाळणाघरांची तरतूद झाली. 1948 च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक बायका असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले, 1976 मध्ये हा आकडा तीसवर आला. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दोन सुट्या मिळाल्या त्या 1961 च्या कायद्याने.

मला 1984 मध्ये तीन महिने मिळाले. मधल्या सुटीत मी शाळेमागच्या मोरीत जाऊन दूध पिळून टाकी. घरी आई बोंडल्याने गाईचे पाजत असे. मुलांना ‘समता’ हा शब्द फळ्यावर लिहून देणारी मी, हेडमास्तरांकडे अर्धा तास मागायला धजले नाही. आपल्या जातीची बाई सवलत मागते, असे कोणी म्हणेल याची भीती होती. ती भीती आमच्या शिक्षणाने घालवली नाही.

2017 च्या दुरुस्तीने रजा 26 आठवड्यांची झाली. पन्नास किंवा जास्त माणसे जिथे काम करतात तिथे पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याचा हक्क आला. लेक 2018 मध्ये कामावर परतली, तेव्हा तिच्या कचेरीत पाळणाघर नव्हते. कागदपत्रांच्या खोलीत, दाराला पाठ लावून, ती यंत्राने दूध काढी. बाटली बर्फात ठेवून घरी आणी. पण तिने लेखी अर्ज केला. दाराला कडी लागली. आमच्या घराण्यात एवढे मागणारी ती पहिली.

परवा मी दाभोळच्या धक्क्यावर उभी होते. धोपाव्याला जाणारी फेरीबोट सुटत होती. मासळीचा लिलाव संपला होता आणि एक तरुण बाई टोपली खाली ठेवून, भिंतीकडे तोंड करून मुलाला पाजत होती. तिला मालक नाही, म्हणून रजा नाही. पन्नास जणांची आस्थापना नाही, म्हणून पाळणाघर नाही. 1928 मध्ये ज्या मागणीसाठी बाबासाहेब उभे राहिले, ती मागणी गिरणीपर्यंत पोचली, खाणीपर्यंत पोचली, कचेरीपर्यंत पोचली. रमाईंचे वडील जिथे ओझी वाहात होते त्या धक्क्यापर्यंत ती अजून आलेली नाही. तिथे एक सावलीची खोली, एक पाळणा आणि एक पगारी बाई असावी, असा अर्ज मी ग्रामपंचायतीत दिला आहे. त्यावर वाडीतल्या बायकांच्या सह्या घ्यायच्या बाकी आहेत.