अमरगोळचा परिसर आणि गडद रंगांची मर्यादा

हुबळी आणि धारवाड या जुळ्या शहरांच्या मध्ये अमरगोळ वसले आहे. येथील श्रीशंकरलिंग व श्रीबनशंकरी यांचे पाषाणी देवालय कल्याणीच्या चालुक्यांच्या परंपरेतील असून १२ व्या शतकातील मानले जाते. देवालयाचा इतिहास सांगताना शिल्पाचा उल्लेख सर्वजण करतात. देवीच्या ओटीत पडणाऱ्या खणाचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. वास्तविक गर्द रंग एकमेकांशेजारी कसे बसवावेत, याचे या प्रांतातील शास्त्र त्या वीतभर वस्त्रात साठविलेले आहे.

या शास्त्राची मूळ पीठे दोन : इरकल आणि गुळेदगुड्ड. दोन्ही गावे पूर्वीच्या विजापूर जिल्ह्यातील. १९९७ पासून ती बागलकोट जिल्ह्यात मोडतात. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख मुंबई राज्याचा भाग होता. इरकली लुगडे महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले ते या जुन्या दळणवळणातून. डाळिंबी, मोरपिशी, पोपटी, गर्द निळे असे अंग, तांबडे रुंद काठ आणि लाल-पांढरा टोप पदर, अशी त्याची ठेवण आजही कोणालाही ओळखता येते.

हे गडद रंग परस्परांना मारक का ठरत नाहीत, याचे उत्तर विणकराच्या मागावर मिळते. अंगाचा ताणा बहुधा सुती, तर काठाचा व पदराचा रेशमी. टोप पदराचे लुगडे विणावयाचे असल्यास त्या एका लुगड्यापुरताच ताणा स्वतंत्र करावा लागतो आणि अंगाच्या धाग्यांचे फास पदराच्या धाग्यांच्या फासांत एकेक करून अडकवावे लागतात. त्यामुळे निळा जेथे संपतो तेथेच लाल सुरू होतो. मध्ये रंगांची सरमिसळ उरत नाही. शिवाय सुती धागा प्रकाश पिऊन टाकतो आणि रेशीम तो परत फेकते. म्हणून दोन्ही रंग तितकेच गडद असूनही एक मागे राहतो व दुसरा पुढे येतो. पदरावरील पांढऱ्या नक्षीचे काम डोळ्यास विसावा देण्याचे. तिच्यातील आकृतींना फणी, किल्ल्याचा कोट, ज्वारीचे कणीस अशी घरगुती नावे आहेत.

रंग गडद करण्याची विद्याही सोपी नव्हती. निळीच्या हौदात सूत बुडवून वर काढले म्हणजे ते प्रथम हिरवट दिसते आणि वारा लागताच निळे होते. जितक्या बुडव्या अधिक, तितका रंग काळ्याकडे झुकतो. तांबड्यासाठी आलाच्या मुळ्या व तुरटी लागे. १८६८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतील तांबडे द्रव्य प्रयोगशाळेत सिद्ध केले, १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारात आली आणि रंगाऱ्यांचे जुने हौद हळूहळू ओस पडले. रंग बदलले खरे, पण त्यांच्या जागा बदलल्या नाहीत, ही विणकरांची मोठीच कामगिरी म्हटली पाहिजे.

निळीचा हा काळेपणा चंद्रकळेत पूर्णत्वास गेला. महाराष्ट्रात संक्रांतीला नेसली जाणारी ही काळी साडी धारवाडकडे नववधूच्या वस्त्रांत मानाची असे. एरव्ही मंगलकार्यात वर्ज्य मानलेला काळा रंग येथे शुभ ठरला, याचे श्रेय त्यावरील कशिद्याला द्यावे लागेल. धारवाडच्या स्त्रिया कापडावर आकृती न रेखता, केवळ धागे मोजून, गाठ न मारता लाल, नारिंगी, हिरव्या व जांभळ्या दोऱ्यांनी गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन भरीत. या ‘कसुती’ला पुढे भौगोलिक निर्देशनाची नोंदणीही मिळाली. काळ्या भूमीवर चार प्रखर रंग असूनही भडकपणा येत नाही, कारण टाका बारीक असतो आणि भूमी भरपूर मोकळी सोडलेली असते.

गुळेदगुड्डच्या खणात हीच रीत आखूड पन्ह्यात आवळून बसविलेली आहे. रेशमी ताणा एका रंगाचा, सुती बाणा दुसऱ्या रंगाचा; हातात फिरविला की जांभळ्यातून तांबडा डोकावतो. आता ओटीसाठी मिळणारे पुष्कळसे खण यंत्रमागावरील कृत्रिम धाग्याचे असतात. त्यांवर बुट्टी तीच दिसते, परंतु रंगाची ती दुहेरी झाक नसते. १९८५ च्या कायद्याने काठापदराच्या साड्यांसारखे काही प्रकार हातमागासाठी राखून ठेवले, तरी नक्कल थांबली नाही. स्वस्त खणाची मागणी थेट देवळाच्या दारातूनच येत असल्याने विणकराला दोष देणे न्यायाचे होणार नाही.

जुनी लुगडी विरली तरी टाकली जात नसत. या भागात त्यांची ‘कौदी’ शिवीत. तीच आपली वाकळ किंवा गोधडी. धावदोऱ्याने थर जोडताना तांबड्या काठाचा तुकडा कडेला आणि निळे अंग मध्यभागी लावण्याकडे शिवणारणीचा कल असे. अनेक महाजन घराण्यांच्या माळ्यावरील पेटाऱ्यांत अशी एखादी कौदी अद्याप असेल. उलटून पाहिल्यास तिच्या आतल्या बाजूस, उन्हापासून वाचलेला, मूळचा डाळिंबी रंग दृष्टीस पडतो.