कीर्द आणि खतावणी : डेटाबेस दोन डिस्कवर का विभागला गेला?

१/६
२०१७ साली पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसने आपल्या एका डिरेक्टरीचे नाव बदलले. 'पीजी_एक्सलॉग' हे नाव वाचून, त्यात किरकोळ नोंदी असतील या समजुतीने, डिस्क भरली की काही जण ती रिकामी करत आणि डेटाबेसच गमावून बसत. दहाव्या आवृत्तीत ती 'पीजी_वॉल' झाली. तिच्यात असे काय होते?

२/६
सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएमने 'रॅमॅक' संगणकाचे डिस्कयंत्र जाहीर केले. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या आणि त्यांवर ५० लाख अक्षरे. हव्या त्या जागी पोहोचायला यंत्राच्या हाताला सरासरी ०.६ सेकंद लागे. पुढे डिस्क लहान आणि वेगवान झाल्या. पण हात एका वेळी एकाच जागी असतो, ही मर्यादा सुटली नाही.

३/६
१९७० च्या दशकात डेटाबेस घडवणाऱ्यांपुढे प्रश्न होता : व्यवहार अर्धवट असताना वीज गेली तर? त्याचे उत्तर आपल्या पेढ्यांना ओळखीचे वाटेल. व्यापारी घडेल तसा व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहितो, मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवतो. डेटाबेसची कीर्द म्हणजे लॉग. १९९२ मध्ये सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी 'एरीज' या पद्धतीत हे तत्त्व काटेकोरपणे मांडले.

४/६
कीर्द सलग लिहिली जाते. खतावणीची पाने मात्र पुढेमागे चाळावी लागतात. दोन्ही एकाच डिस्कवर असल्या की हाताची सारखी धावपळ होते. कीर्दीला स्वतंत्र डिस्क दिली की तिचा हात जवळजवळ जागचा हलत नाही.

५/६
दुसरे कारण अधिक गंभीर. खतावणी नष्ट झाली, तरी तिची जुनी प्रत आणि त्यानंतरची कीर्द यांवरून ती पुन्हा उभी करता येते. दोन्ही एकाच डिस्कवर असतील, तर ती डिस्क बिघडताच दोन्ही एकदम जातात.

६/६
आजच्या एसएसडीमध्ये सरकणारा हातच नाही. त्यामुळे पहिल्या कारणाचे बळ बरेच ओसरले. दुसरे मात्र जसेच्या तसे उभे आहे. एखादी रूढी मोडावी की जपावी, हे तिच्या वयावरून ठरत नाही. ती ज्या कारणांतून जन्मली, त्यांपैकी कोणते अजून जिवंत आहे, यावरून ठरते.