१७. अल्फा-१ रिसेप्टर

रक्तवाहिन्यांच्या स्नायुपेशींच्या पटलात बसलेले प्रथिन. त्याची साखळी पटलातून सात वेळा आरपार जाते. बाहेरून आलेले नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या सात पदरांमधल्या पोकळीत बसले, की आतली बाजू जी-प्रथिनाला चेतवते, पेशीत कॅल्शियम वाढते आणि वाहिनी आकसते. एरवी रक्तदाब सांभाळणारी हीच यंत्रणा लाल विंचवाच्या दंशात जिवावर उठते. विषामुळे नसांमधले सोडियमचे मार्ग उघडे राहतात, नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा लोंढा सुटतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते. अशा रुग्णाचे गार हातपाय आणि तोंडाला आलेला फेस यामुळेच, ‘विष डोक्यात चढल्याने’ नव्हे. प्राझोसिन ही रिसेप्टरमधली जागा अडवते. मूळची ही रक्तदाबाची स्वस्त गोळी. विंचूदंशावर तिचा वापर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर (पद्मश्री, २०२२) यांनी रूढ केला. त्यांच्या नोंदींनुसार १९८३ पर्यंत गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. पुढे हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. प्रतिविषाचे काम वेगळे, ते रक्तातले विषच बांधून टाकते.