गांवगाडा, कारखाना आणि पोटाचे धंदे

मनुष्यानें एका धंद्यांत शिरावें, त्यांतच केस पिकवावे आणि त्याच्याच पेन्शनवर उरलेले दिवस काढावे, हा क्रम आपल्या सुशिक्षित वर्गास इतका स्वाभाविक वाटतो कीं, तो मोडूं लागतांच जगाची घडीच विसकटली असें त्यास वाटूं लागतें. एका नोकरीऐवजीं चार लहान कामें एकाच वेळीं करून उपजीविका चालविण्याच्या पद्धतीस 'पोर्टफोलिओ' हें नांव चार्ल्स हँडी या लेखकाच्या १९८९ सालच्या ग्रंथानें रूढ केलें. तेव्हांपासून ही नव्या युगाची रीत म्हणून कोणी तिचें स्वागत करितात, तर कोणी तिला दूषण देतात. परंतु ती नवी आहे, हें उभय पक्षांचें गृहीत कृत्यच तपासून पाहण्याजोगें आहे.

आमच्या खेड्यांचा इतिहास या समजुतीस अनुकूल नाहीं. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालच्या 'गांवगाडा' या ग्रंथांत ज्या बलुतेदारांचें वर्णन केलें आहे, त्यांपैकीं एकाच धन्याकडे एकाच कामावर राबणारा असा कोण होता? गुरव देवाची पूजा करी, पत्रावळी पुरवी आणि वाजंत्रीहि वाजवी. महाराच्या माथीं वेशीची राखण, सरकारी निरोप, शिवेची साक्ष आणि मेलेलीं जनावरें ओढणें, इतकीं कामें होतीं. धनी एक नव्हे, सारी पांढरी होती. तथापि या कामांच्या बदल्यांत खळ्यावरील धान्यांत प्रत्येकाचा वांटा ठरलेला असे. साल वाईट गेलें तर वांटा आटे. हक्क आटत नसे. या व्यवस्थेचें बळ तें हेंच.

परंतु हें बळ कोणत्या किंमतीस मिळालें होतें, तें विसरून जे तिचे पोवाडे गातात, त्यांनीं इतिहासाचें अर्धेंच पान वाचलें आहे. हक्क जन्मानें मिळे, तसें कामहि जन्मानेंच गळ्यांत पडे. डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचें बिल आणलें, तें याच कारणानें. अल्पशा मोबदल्यापायीं महार वतनदारास आणि प्रसंगीं त्याच्या घरच्या माणसांसहि सरकारचे व गांवाचे बंदे होऊन राहावें लागे. पुढें १९५८ च्या कायद्यानें हीं कनिष्ठ गांववतनें रद्द झालीं. बेडी तुटली हें इष्टच झालें. खळ्यावरचा वांटा मात्र, पैशाचा व्यवहार वाढला तसतसा, आधींपासूनच नाहींसा होत चालला होता.

शेतकऱ्याची स्थितिहि फार निराळी नव्हती. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी १९१७ सालीं प्रसिद्ध केली. तेथील जमीनधारणेचें सरासरी क्षेत्र १७७१ सालीं ४० एकर होतें, तें १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आलें होतें. तपासलेल्या १०३ कुटुंबांपैकीं केवळ शेतीवर नीट निभावणारीं अवघीं ८ निघालीं. शेतीला बाहेरच्या कामाची जोड देऊन निभावणारीं २८. उरलेल्या ६७ कुटुंबांचा मेळ कशानेंच बसत नव्हता. पुढें मॅन व कानिटकर यांनीं शिरूर तालुक्यांतील जातेगांव बुद्रुकचा हिशोब १९२१ सालीं मांडला, तेव्हां तेथें अशा कुटुंबांचें प्रमाण शेकडा ८५ भरलें. पहिलें गांव पुणें-खडकीच्या लगत, दुसरें शहरापासून दूर. म्हणजे जोडधंदा ही कोणाची हौस नव्हती. ज्यास तो मिळाला तो तरला, न मिळाला तो कर्जांत रुतला.

मग जन्मभराची एक नोकरी आली कोठून? रेल्वे, सरकारी कचेऱ्या, शाळा-कॉलेजें आणि कारखाने यांनीं ती आणली, व कामगारांच्या चळवळीनें तिला कायमपणाचें संरक्षण मिळवून दिलें. परंतु मुंबईच्या गिरण्यांतसुद्धां कायम कामगाराच्या मागें, दाराशीं कामाची वाट पाहणारा 'बदली' कामगार उभाच असे. आणि १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या, सुमारें अडीच लक्ष कामगारांच्या संपानंतर तें जगच ओसरलें. इतिहासाच्या मापानें कायम नोकरी हा थोड्या काळाचा, आणि तोहि थोड्यांच्याच वांट्यास आलेला अपवाद होय. पेन्शनर वर्ग त्या अपवादांतलाच; त्यास तो नियम वाटावा यांत नवल नाहीं.

जातेगांवच्याच तालुक्यांतील कारेगांव आतां पाहावें. पुणें-अहिल्यानगर रस्त्यावर, रांजणगांवच्या महागणपतीच्या शेजारीं असलेलें हें गांव औद्योगिक वसाहतीच्या कुशींत आलें आहे. शीतकपाटें आणि मोटारी करणाऱ्या कारखान्यांच्या या परिसरांत जमीनधारकाच्या एकाच घरीं उरलेली शेती, दोन दुभतीं जनावरें, भाड्यानें दिलेल्या खोल्या आणि मुलाची कारखान्यांतील पाळी, अशीं चार उत्पन्नें एकत्र नांदूं शकतात. त्याच खोलींत भाड्यानें राहणारा, मराठवाड्यांतून किंवा उत्तरेकडून आलेला तरुण ठेकेदाराकडे कांहीं महिने काम करितो, आणि मुदत संपली कीं टेंपो चालवितो अथवा घरोघर माल पोंचवितो. धंदे दोघांचेहि अनेकच. परंतु पहिल्यास ते आधार आहेत, दुसऱ्यास निरुपाय. एकाच्या पायाखालीं जमीन आहे, दुसऱ्याच्या पायाखालीं कांहींच नाहीं.

एतावता प्रश्न धंदे किती हा नसून, वाईट सालाचा भार कोणीं सोसावा हा आहे. महाराष्ट्रानें याचें एक उत्तर १९६९ सालींच शोधलें होतें. त्या सालच्या माथाडी कायद्यानें, रोज निराळ्या व्यापाऱ्याचें ओझें वाहणाऱ्या हमालाची नोंद मंडळाकडे झाली. मालकानें मजुरीबरोबर लेव्ही भरावी आणि मंडळानें त्यांतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी आणि रजेचा पगार द्यावा, अशी योजना झाली. धनी बदलला तरी हक्क सुटेना. नीति आयोगाच्या हिशोबानें २०२०-२१ सालीं देशांत 'गिग' कामगार ७७ लक्ष होते. त्यांची व्याख्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनें केली, आणि ॲपच्या द्वारें काम देणाऱ्या कंपन्यांनीं उलाढालीच्या शेकडा १ ते २ वर्गणी द्यावी असें ठरविलें. हें पाऊल त्याच वाटेवरचें आहे.

वतनांत हक्क होता, पण मोकळीक नव्हती. आजच्या बाजारांत मोकळीक आहे, पण हक्क नाहीं. जन्माशीं न बांधलेला आणि धन्याबरोबर न सुटणारा हक्क कसा असतो, याचा नमुना आपल्याच हमालांनीं झगडून मिळविलेला आहे. तो ओझें वाहणाराच्या पाठीवरून उचलून कारेगांवच्या त्या भाड्याच्या खोलीपर्यंत नेणें, एवढेंच काय तें काम पुढच्या पिढीच्या कायदे करणारांकडे उरलें आहे. आणि तें लहान नाहीं.