रोवणीची भूक आणि खुर्चीतली भूक

आमच्या भंडाऱ्याकडे पावसाळ्यात धानाची रोवणी चालते. दिवसभर चिखलात वाकून आलेली माणसं ताटात भाताचा डोंगर घेतात, हे लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे माझं गणित साधं होतं: कष्ट जास्त तर भूक जास्त, बसून राहिलं तर कमी. मग दहा तास खुर्चीत बसून रात्री अकराला मी फ्रिज का उघडतो? (वजन ८८. बायकोला सांगू नका, तिला माहीत आहे.)

शनिवारी शोधत बसलो तर प्रश्न बराच जुना निघाला. ज्याँ मेयर हा हार्वर्डमधला मूळचा फ्रेंच पोषणतज्ज्ञ. त्याने सहकाऱ्यांबरोबर पश्चिम बंगालमधल्या एका ज्यूट मिलच्या दोनशेच्या वर पुरुषांचं खाणं आणि वजन मोजलं, निबंध छापला १९५६ साली. अंगमेहनत करणारे भरपूर खायचे, हलकं काम करणारे कमी. इथपर्यंत माझं गणित बरोबर! पण कारकून वगैरे बैठी मंडळी हमालांइतकं, किंबहुना जास्तच खात होती, आणि वजनातही पुढे होती. आता कारकुनाला पगारही जास्त, एवढ्यावरून सगळं सिद्ध होत नाही. तरी मेयरचा अंदाज असा की हालचाल फारच कमी झाली की भुकेचा काटा नीट चालत नाही.

भुकेची हार्मोन्स मेयरच्या हाताशी नव्हतीच. चरबीतून येणारं लेप्टिन १९९४ मध्ये सापडलं, जठरातून भूक लावणारं घ्रेलिन १९९९ मध्ये. लठ्ठ माणसात लेप्टिन भरपूर असतं, पण मेंदू ऐकत नाही. जोरदार व्यायामानंतर घ्रेलिन थोडा वेळ दबतं. आणि २००९ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात गंमत दिसली: बारा आठवडे व्यायाम केलेल्या जाड लोकांची उपाशीपोटीची भूक वाढली, पण जेवल्यावर पोट भरल्याची जाणीवही सुधारली. म्हणजे ब्रेकही दुरुस्त झाला म्हणा ना.

राहिलं कॉर्टिसॉल. रोजच्या ताणाने ते चढलेलं राहिलं की गोड-तेलकट खावंसं वाटतं (रिलीजच्या आठवड्यातला वडापाव आठवा). धापा टाकत पळालं तर तेही तात्पुरतं वाढतं, निवांत चालण्याने नाही. म्हणून मी पळायचा नाद सोडला.

तीन आठवडे सकाळी तळजाईवर चालतोय, चाळीस मिनिटं. काटा अजून ८८ वरच आहे. फ्रिज मात्र आठवड्यातून दोनदाच उघडतो.