लिहिता येण्याचा हक्क : अंधशाळेतील साधनांचा इतिहास

अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हॅलेंतँ आयुई यांनी पॅरिसमध्ये अंध मुलांसाठी शाळा काढली, तेव्हा तिच्यातले मुख्य साधन होते उठावाच्या अक्षरांची पुस्तके. ओलसर कागद मोठ्या खिळ्यांवर दाबून नेहमीचीच रोमन अक्षरे त्यावर उठवली जात. पुस्तके जाडजूड आणि जड होत. प्रत्येक अक्षराचा आकार बोटाने चाचपत शब्द जुळवावा लागे, त्यामुळे वाचन फार संथ चाले. पण यापेक्षा मोठी उणीव वेगळीच होती. अशी अक्षरे मुलांना स्वतः लिहिता येत नव्हती. डोळस शिक्षकाला ओळखू येईल तीच लिपी अंध मुलानेही वापरावी, हे सर्वांनी गृहीतच धरले होते.

या गृहीतकाला पहिला धक्का एका लष्करी अधिकाऱ्याकडून बसला. शार्ल बार्बिए यांनी १८२१ च्या सुमारास आपली ठिपक्यांची लिपी या शाळेपुढे मांडली. तिच्यात प्रत्येक चिन्हासाठी बारापर्यंत ठिपके होते. ते एका बोटाखाली मावत नसत, शिवाय शुद्धलेखन आणि विरामचिन्हे यांना तिच्यात जागाच नव्हती. मात्र लिपीबरोबर बार्बिए यांनी खोबणीची पाटी आणि टोचणीही दिली, आणि अंध माणसाने स्वतः लिहिण्याची वाट तिथून मोकळी झाली. याच शाळेत शिकणाऱ्या लुई ब्रेल यांनी ठिपके सहावर आणले. सहा ठिपक्यांचे घर बोटाच्या टोकाखाली पूर्ण मावते आणि त्यातून ६३ वेगवेगळी चिन्हे होतात. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, त्यांची मांडणी बरीचशी तयार होती. ती छापून आली १८२९ मध्ये.

विद्यार्थ्यांनी ही लिपी लगेच उचलली. शाळेचे नवे प्रमुख द्यूफो यांनी मात्र १८४० च्या सुमारास तिला वर्गाबाहेर काढले. मुले तरीही चोरून लिहीत राहिली. १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्‌घाटनात तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, तेव्हा विरोध मावळला. ब्रेल १८५२ मध्ये वारले. फ्रान्सने लिपीला अधिकृत मान्यता दिली ती त्यानंतर दोन वर्षांनी. जी लिपी डोळसांना परकी वाटते ती अंध मुलांना समाजापासून तोडेल, असा आक्षेप पुढेही अनेक देशांत घेतला गेला. इंग्लंडमध्ये टॉमस आर्मिटेज यांनी १८६८ मध्ये यावर नेमका उपाय काढला : लिप्यांची निवड करणाऱ्या समितीवर फक्त अंध सदस्य घेतले, आणि तेही अनेक लिप्या बोटाने वाचू शकणारे. समितीने ब्रेल निवडली. अमेरिकेत मात्र वेगवेगळ्या ठिपका-लिप्यांचे भांडण १९३२ पर्यंत चालले.

भारतात अंधशिक्षणाची सुरुवात १८८७ मध्ये अमृतसरला ॲनी शार्प यांच्या शाळेने झाली. मुंबईत दादरची अंधशाळा १९०० मध्ये अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी उभी केली. ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा १९०२ मधली. भारतीय भाषांसाठी तेव्हा एकच ब्रेल नव्हती. बंगालमध्ये शहा ब्रेल, पश्चिमेकडे नीलकंठराय ब्रेल, दक्षिणेत आणखी निराळी. एका प्रांतातले पुस्तक दुसऱ्या प्रांतातल्या बोटाला मुके राही. युनेस्कोच्या पुढाकाराने झालेल्या विचारविनिमयानंतर १९५१ मध्ये ‘भारती ब्रेल’ मान्य झाली आणि हा तिढा सुटला.

भारती ब्रेलमध्ये उच्चाराला अग्रमान आहे. छापील ‘किती’त पहिली वेलांटी ‘क’च्या आधी दिसते, ब्रेलमध्ये क, इ, त, ई अशी चार घरे ओळीने येतात. मराठीला हव्या असलेल्या ‘ळ’लाही स्वतःचे घर आहे. पाटीवर लिहिणे मात्र सोपे नाही. कागद चौकटीत अडकवून टोचणीने मागून टोचे मारायचे असतात, म्हणून लेखन उजवीकडून डावीकडे चालते आणि प्रत्येक अक्षर उलटे काढावे लागते. ‘क’चे दोन ठिपके वाचताना डाव्या उभ्या ओळीत असतात, लिहिताना उजव्या. कागद काढून उलटला की उठाव बोटाला सुलटे लागतात. सात-आठ वर्षांची मुले ही उलटापालट आत्मसात करतात, ही खरोखर थक्क करणारी गोष्ट आहे. गणितासाठी टेलर फ्रेम असते : अष्टकोनी छिद्रांच्या पाटीत धातूचे चौकोनी खिळे वेगवेगळ्या दिशांना वळवून बसवायचे, की त्या दिशेवरून अंक कळतो.

अमेरिकेच्या पर्किन्स शाळेतील सुतारकामाचे शिक्षक डेव्हिड अब्राहम यांचे ब्रेल टंकयंत्र १९५१ मध्ये बाजारात आले. सहा ठिपक्यांना सहा कळा. उलटे लिहिणे संपले आणि लिहिलेले त्याच क्षणी वाचता येऊ लागले. किमतीमुळे आपल्याकडच्या वर्गांत मात्र पाटी आणि टोचणीच टिकली. त्याआधी, १९३० च्या दशकात, बोलकी पुस्तके निघाली होती. त्यांनी पाठ्यपुस्तकांचा दुष्काळ कमी केला, पण केवळ ऐकून शिकणाऱ्या मुलाचे शुद्धलेखन कच्चे राहते. ध्वनिफितीला ब्रेलचा पर्याय मानणे ही त्या मुलाची फसवणूकच होय.

संगणकाने वाचन आणि लेखन पुन्हा एकत्र आणले. रे कर्झवाइल यांचे छापील मजकूर वाचून दाखवणारे यंत्र १९७६ मधले. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सॉफ्टवेअर नंतरच्या दशकात आली. त्यांच्या किमती शाळांना झेपणाऱ्या नव्हत्या. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये ‘एनव्हीडीए’ हे मोफत सॉफ्टवेअर लिहायला घेतले, तेव्हा चित्र पालटले. मराठीपुढे आणखी एक अडथळा होता. जुन्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरे आतून रोमन चिन्हे म्हणूनच साठवलेली असत, त्यामुळे यंत्र त्यांचे निरर्थक इंग्रजी वाचून दाखवी. देवनागरीला स्वतःचे संकेत देणारी युनिकोड पद्धत रुळल्यावरच मराठी धडा यंत्राला वाचता येऊ लागला.

कायद्यानेही साथ दिली. प्रताधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने पुस्तके अंधांना वाचता येतील अशा स्वरूपात आणण्यास आडकाठी उरली नाही, आणि याच हेतूचा आंतरराष्ट्रीय मराकेश करार २०१४ मध्ये सर्वप्रथम भारतानेच स्वीकारला. २०१३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी अंध परीक्षार्थीला ब्रेलमध्ये किंवा संगणकावर उत्तरे लिहिण्याची मुभा दिली. तरीही परीक्षेच्या दालनात बहुतेकदा शेजारी बसतो तो लेखनिकच : विद्यार्थी उत्तर सांगतो आणि डोळस हात ते लिहितो.